पत्त्यावरून नाव सांगणारे गोरड सर

गोरड सर फोन उचलत तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "कोण बोलतंय?" पलीकडे प्राचार्य असोत, गॅसवाला असो किंवा घरची मंडळी असोत. त्यांच्या फोनचा कानाशी धरायचा भाग कधीतरी बिघडला होता आणि तो त्यांनी दुरुस्त केला नव्हता, त्यामुळे सगळं बोलणं मोठ्याने चाले आणि आम्हा विद्यार्थ्यांना फुकटात ऐकायला मिळे. एकदा प्रयोगशाळेत घरून फोन आला.

"कोण बोलतंय?"

"आवं, नाव दिसतंय न्हवं फोनवर? मग का पुसताय मला?"

"नाव दिसतंय. माणूस कुठं दिसतंय?"

"माणूस घरी भाकरी थापतंय. येताना मीठ आणा."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "घरच्या फोनवरनं माझ्या पोरानं बी लावला असता. तवा बी मला हेच नाव दिसलं असतं." मग पुन्हा शिकवायला लागले.

सांगलीबाहेर, इस्लामपूरच्या वाटेवर एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ते आम्हाला सी भाषेतलं नेटवर्क प्रोग्रॅमिंग शिकवत. मूळचे आटपाडीच्या पलीकडचे. घर मेंढपाळांचं. थोरला भाऊ अजूनही दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो. सर शिकले, मोठी पदवी घेतली, शहरात घर केलं, पण चाल मेंढरांमागच्या माणसाचीच राहिली: सावकाश, लांब टांगा, नजर कडेला. वर्गात ते फळ्यासमोर फार थांबत नसत. बाकांच्या कडेकडेने फिरत, आणि कोणी मागे पडतंय असं दिसलं की न बोलता त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. पाठीमागे सर उभे आहेत हे कळलं की झोप उडायची.

ज्या धड्यामुळे ते आमच्या लक्षात राहिले तो तसा किरकोळ आहे. दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा पलीकडच्याचा पत्ता आपल्याकडे आकड्यांत येतो. त्यात दोन गोष्टी असतात: ते यंत्र कोणतं त्याचा आकडा, आणि त्या यंत्राच्या कोणत्या दारातून बोलणं चाललंय त्या दाराचा आकडा. दाराला पोर्ट म्हणतात. माणसाला असे आकडे वाचवत नाहीत, म्हणून सी मध्ये गेटनेमइन्फो नावाचं एक फंक्शन आहे. त्याच्या हातात पत्ता द्यायचा आणि दोन रिकाम्या जागा द्यायच्या. एका जागेत ते यंत्राचं नाव भरून देतं, दुसरीत त्या दारामागे जी सेवा असते तिचं नाव. पुस्तकात याला अर्धं पान होतं. सरांनी त्यावर आठवडा घालवला.

"हे फंक्शन काय करतं?" त्यांनी विचारलं.

"नाव शोधतं, सर."

"न्हाई. नाव विचारतं. ज्याच्याकडं यादी हाय त्याला जाऊन विचारतं, आणि त्यानं जे सांगितलं ते तुमाला आणून देतं. यादी खरी का खोटी, नवी का जुनी, त्याला ठाव न्हाई. ते निरोप्या हाय. निरोप्याला साक्षीला उभं करू नका."

फळ्यावर लिहिताना सरांची भाषा पुस्तकी असे आणि समजावताना ती घरी जाई. त्याच घरच्या भाषेत त्यांनी आम्हाला मेंढरांची गोष्ट सांगितली. पिकं निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. दोरीच्या जाळीचं कुंपण लावून कळप दोन-चार मुक्काम तिथं राहतो आणि पुढच्या रानात जातो. मग त्याच रानात दुसऱ्याचा कळप येतो.

"तुमी आज विचारलं, या रानात मेंढरं कुणाची? गोरडांची. बरोबर. पंधरा दिवसांनी तिथनंच गेला, मेंढरं दिसली, आणि म्हणलात गोरडांची. चुकला. रान तेच, मेंढरं दुसरी. पत्ता म्हणजे रान. नाव म्हणजे त्या घडीला तिथं कोण बसलंय ते."

रान तेच, मेंढरं दुसरी. हे वाक्य कॉलेजात इतकं पसरलं की कँटीनमध्ये कालचे वडे आज पुढे आले की मुलं ओरडायची, "ताट तेच, वडा कालचा!" आणि कँटीनवाला म्हणायचा, "गोरड सरांना सांगू का?"

सरांची दुसरी खोड परत येणाऱ्या उत्तराची होती. ते फंक्शन काम जमलं तर शून्य परत देतं, नाही जमलं तर दुसरा आकडा. बहुतेक मुलं तो आकडा बघतच नसत. नाव मागायचं, ते मिळालं असं धरायचं, छापून मोकळं व्हायचं. मग पडद्यावर भलतीच अक्षरं यायची. सर मागून म्हणत, "विचारलंस. पण उत्तर आलं का, हे बघितलंस?" आणि थोडं थांबून, "विचारणं सोपं असतंय रं गड्या. उत्तराला थांबावं लागतंय."

पोर्ट शिकवायचा होता त्या दिवशी ते सगळ्या वर्गाला घेऊन बाहेरच्या बोळात गेले. तिथे एका दारावर चकचकीत पाटी होती: संशोधन केंद्र. तपासणीला पाहुणे येणार होते तेव्हा ती लावलेली होती. सरांनी दारावर टकटक केली आणि हात मागे बांधून वाट बघत उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. कोणी उघडलं नाही. मग त्यांनी कडी काढली. आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या होत्या.

"दाराचा आकडा बघून फंक्शन तुमाला सेवेचं नाव सांगतं. ते नाव म्हणजे ही पाटी," सर म्हणाले. "पाटी वाचा. पण आत कोण हाय ते आत जाऊन बघा."

तेवढ्यात विभागप्रमुख मॅडम आल्या. "गोरड सर, काय चाललंय इथं?"

"पोर्ट शिकवतोय, मॅडम."

चार दिवसांत पाटी निघाली. झाडू तिथेच राहिले.

एवढं सगळं शिकवणारा हा माणूस नावांच्या बाबतीत एका गोष्टीत मात्र सगळ्यांसारखाच होता. हजेरीत नाव वाचून झालं की विचारायचा, "गाव?" आमच्याकडे ते आपोआप येतं. वसतिगृहात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. ए कडेगाव, ए जत, ए खंडाळा, असंच चालतं. मी साताऱ्याचा, म्हणून माझं नाव सातारा. सरांनी तेच उचललं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला वर्षभरासाठी एक यंत्र मिळे, आणि त्या यंत्राला नेटवर्कवर नाव दिलं जाई ते त्या मुलाच्या गावाचं. एका गावच्या दोघी असल्या तर आष्टा-थोरली आणि आष्टा-धाकटी. सांगलीची मुलं पुष्कळ, म्हणून त्यांना गल्ल्या वाटल्या होत्या.

मला हे पटलं नव्हतं. माझ्या वडिलांचा साताऱ्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालतं आणि चळवळीच्या पत्रकांवर वडील चालतात. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरच. त्यामुळे सरांना मी स्पष्ट सांगितलं: आपल्या मुलखात गाव विचारणं हा पहिला प्रश्न असतो, गल्ली हा दुसरा, आणि तिसऱ्याला जात हातात येते. यंत्रांना तरी यातून सोडा.

सरांनी ऐकून घेतलं. "माझं आडनाव ऐकलं की लोकांना दुसरा प्रश्न लागतच न्हाई," ते म्हणाले. "म्हणून मी गावावर थांबतो. गावात सगळीच राहत्यात."

"सगळी एका वस्तीत राहत नाहीत, सर."

"ते बी खरं," ते म्हणाले आणि कडेकडेने पुढे गेले. नावं तशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा नव्या खोलीत हलली. यंत्रांना आकडे नव्याने वाटले गेले. जुन्या खोलीत मोजणी दाराकडून खिडकीकडे होती, नव्या खोलीत खिडकीकडून दाराकडे. तारा ओढणाऱ्याला तसं सोपं पडत होतं. नावं मात्र मुलांबरोबर गेली. कडेगाव जिथे बसेल ते यंत्र कडेगाव. सरांनी नवी यादी घातली, जुनी पुसली, आणि सगळं सुरळीत चाललं.

सुट्टीनंतर प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर गडबड झाली. परीक्षेचे प्रश्न विभागाच्या मुख्य संगणकावर ठेवलेले होते आणि त्यांचे फोटो मुलांच्या फोनवर फिरायला लागले. मुख्य संगणकावर कोण कधी आलं याची नोंद आपोआप होत असे, पत्ता आणि वेळ, सगळं आकड्यांत. ती नोंद वाचायला सरांनीच फार पूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो आकडे घेई, गेटनेमइन्फोला विचारी आणि नावांसकट कागद छापून देई. प्राचार्य म्हणाले, आकडे आम्हाला कळत नाहीत, नाव द्या. सरांनी कागद काढला. प्रश्नांची फाइल दिवाळीच्या आधी एका दुपारी उघडली गेली होती. समोर नाव होतं: कडेगाव.

कडेगाव म्हणजे सुषमा. वडील नव्हते, आई पिठाची गिरणी चालवायची. सुषमा बोलायची कमी आणि मुद्द्याचं. पुण्यातल्या एका कंपनीने तिला निवडलं होतं, अट एवढीच की परीक्षा याच वर्षी पूर्ण व्हावी. त्याच दिवशी सूचनाफलकावर तिचं पूर्ण नाव लागलं: चौकशी होईपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा चार दिवसांवर होती. चौकशी लांबली असती तर वर्ष गेलं असतं आणि नोकरीही. फलकासमोर जी गर्दी झाली तिच्यात वाचून झाल्यावर कोणीच शंका काढली नाही. मशीननेच सांगितलंय म्हटल्यावर काय बोलणार.

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मला समितीसमोर बसायला मिळालं. टेबलाच्या एका बाजूला प्राचार्य, विभागप्रमुख मॅडम आणि गोरड सर. दुसऱ्या बाजूला सुषमा आणि तिची आई. आई गिरणीवरून तशीच निघाली असावी, पदराला पीठ होतं.

"हे यंत्र तुझंच ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"कडेगाव माझंच, सर."

"मग फाइल कोणी उघडली?"

"मी न्हाई उघडली."

"इथं तर तुझं नाव आहे."

सुषमाची आई पुढे सरकली. "आवं साहेब, माझी पोरगी चोर हाय असं मशीन म्हणतंय व्हय?"

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. त्या क्षणी मान हलवली असती तरी भागलं असतं. सर म्हणाले, "मशीन न्हाई म्हणत, ताई. मी म्हणतोय. कागद मी काढलाय."

मला त्यांचा राग आला. यंत्रामागे न लपणारा माणूस म्हणून त्यांचा आदरही वाटला, पण त्या वेळी राग जास्त होता. कारण त्या एका वाक्याने सुषमाभोवतीची दोरी घट्ट झाली. सर खोटं बोलत नाहीत हे कॉलेजातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

सुषमाने कागद मागितला. मॅडमनी तो तिच्याकडे सरकवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"सर, ही वेळ दिवाळीच्या आधीची हाय."

"हाय."

"आणि नाव?"

"नाव काय?"

"नाव कवा विचारलं तुमी?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. कागद त्यांच्यापासून लांब होता, तरी ते त्याच्याकडेच बघत होते. "नाव..." ते हळू म्हणाले, "नाव परवा विचारलं. कागद काढला तवा."

"मधे आपण खोली बदलली, सर."

सरांनी कागदाकडे हात नेला.

"रान तेच, सर," सुषमा म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. तिची आई कधी तिच्याकडे, कधी सरांकडे बघत होती. तिला वाटलं असेल, पोरगी या वेळी रानाचं काय काढतेय.

सर उठले. कागद उचलला, त्यावर आडवं 'चुकीचा' असं लिहिलं, खाली सही केली आणि प्राचार्यांपुढे ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. नोंदीत आकडा त्या दिवशीचा होता, पण नाव छापताना विचारलं, म्हणून यादीत आज जे आहे ते आलं. तो आकडा आज दाराजवळच्या यंत्राचा आहे, आणि सुषमा दाराजवळ बसते. पण जुन्या खोलीतही ती दाराजवळच बसायची, आणि तिथे दाराजवळचा आकडा वेगळा होता. म्हणजे त्या दिवशी तो आकडा तिचा नव्हता.

"मी पोरांना वर्षानुवर्षं हेच शिकवतो," ते म्हणाले, "आणि माझाच प्रोग्रॅम तसा हाय. मी तपासलं न्हाई. चूक माझी."

मॅडमनी गणित पटकन मांडलं. "मग जुन्या खोलीत तो आकडा खिडकीकडचा. तिथं कोण बसायचं?"

खोलीतल्या प्रत्येकाला ते गणित येत होतं. मलाही. खिडकीशी कोण बसायचं हे मला माहीत होतं, त्याचा मामा संस्थेत कोण आहे हेही माहीत होतं. प्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"यंत्र कुठलं ते सांगता येईल, मॅडम," सर म्हणाले. "माणूस न्हाई. यंत्रांना कुलूप नव्हतं. दुपारी कोणीबी कुठंबी बसायचं. मी यंत्राला गावाचं नाव दिलं आणि गावाला माणूस समजलो. ही दुसरी चूक. तिसरी करणार न्हाई."

प्राचार्य लगेच म्हणाले, "बरोबर आहे. विषय इथेच थांबवू." त्या खोलीत दोन माणसं गप्प झाली. एक पुरावा नव्हता म्हणून, दुसरा सोय होती म्हणून. बाहेरून दोघांचं गप्प बसणं सारखंच दिसलं. हे मला तेव्हा सहन झालं नाही, आजही पूर्ण होत नाही.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा मोठा होता, शेवटी जाब विचारणारे प्रश्न होते, आणि मधोमध खिडकीकडच्या त्या मुलाचं गाव होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरांना वाचायला दिलं, कारण त्यात त्यांची बाजू घेतली होती. सर प्रयोगशाळेत एकटेच होते. त्यांनी सगळं वाचलं आणि गावाच्या नावावर बोट ठेवलं.

"हे काढ."

"का काढू, सर?"

"सुषमाचं नाव लागलं तवा तुला राग का आला?"

"पुरावा नव्हता म्हणून."

"आता तुझ्याकडं काय हाय?"

"सगळ्यांना माहीत आहे, सर."

"सगळ्यांना कडेगाव बी माहीत होतं."

मी म्हणालो, "सर, नाव घेतलं नाही की मोठ्यांची पोरं सुटतात. दर वेळी सुटतात. आणि गिरणीवाल्या बाईच्या पोरीचं नाव मात्र पहिल्या फटक्यात फलकावर लागतं."

त्यांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "ते खरं हाय. त्याला माझ्याकडं उत्तर न्हाई."

गुरूने विद्यार्थ्याला असं म्हणावं ही सोपी गोष्ट नाही. पण मला उत्तर हवं होतं, गुरू नको होता. पत्रक मी छापलं. त्यात तो प्रश्न ठेवला, गाव काढलं. ते गाव इथेही लिहिलेलं नाही. सर नाराज होतील म्हणून नाही. पुरावा माझ्याकडे आजही नाही म्हणून.

सर मात्र त्या दिवशी स्वतःच एक कागद लिहीत होते. कॉलेजने तोंडी सांगितलं होतं की सुषमा परीक्षेला बसेल, प्रश्न नवे काढू, झालं. सरांना ते पुरेसं वाटलं नाही. नाव फलकावर लागलं तर उतरायला पण फलकावरच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या.

"तांत्रिक कारणास्तव, असं लिहा ना सर. कोणाचंच जाणार नाही."

"तंत्रानं काय केलं, मॅडम? विचारलं ते सांगितलं."

"अहो, तुमच्याकडचा मुख्य संगणकाचा चार्ज काढतील."

"काढू द्या."

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "तू पत्रकवाला हायस. बघ जरा."

मी बघितलं. मी घातलेली दोन विशेषणं आणि एक खंत त्यांनी खोडली. शेवटी उरलं ते असं: 'माझ्या प्रोग्रॅमने जुन्या पत्त्याला आजचे नाव लावले. ते मी न तपासता समितीला दिले. सुषमाचा या प्रकाराशी संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही. चूक प्रोग्रॅमची नाही, माझी आहे.' खाली आडनाव. मी आजवर वाचलेल्या पत्रकांत इतकं लहान आणि इतकं कमी ओरडणारं दुसरं पत्रक नाही. त्यांनी ते स्वतः नेऊन, सुषमाचं नाव जिथे लावलं होतं नेमक्या तिथेच, त्याच टाचण्यांनी लावलं. सुषमाची आई अजून सांगलीतच होती. तिने मुलीकडून ते वाचून घेतलं आणि सरांना म्हणाली, "आता गावात सांगायला बरं." बाकी काही नाही. आभार नाही आणि राग पण नाही.

मुख्य संगणकाचा चार्ज खरंच गेला. तो एका नव्या मास्तरांना मिळाला आणि सरांची खुर्ची बोळातल्या एका लहान खोलीत गेली. ही तीच संशोधन केंद्राची खोली होती. झाडू तेव्हा हलले. सरांनी दारावर पाटी लावू दिली नाही.

सुषमा परीक्षेला बसली. निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत ती रोज दुपारी त्या खोलीत यायची आणि सरांचा जुना प्रोग्रॅम दुरुस्त करायची. आता कोणी मुख्य संगणकाला जोडलं की त्याच क्षणी नाव विचारलं जातं आणि आकड्याशेजारी लिहून ठेवलं जातं. नाव मिळालंच नाही तर तिथे 'मिळालं नाही' असं लिहिलं जातं. आकडा मात्र कधी काढायचा नाही, ही सरांची अट. "नाव पडतंय, बदलतंय. आकडा राहू दे." नव्या मास्तरांनी तो प्रोग्रॅम न बोलता वापरायला घेतला. यंत्रांची गावं सरांनी चार्ज जाण्याआधीच पुसली होती. तिथे आता नुसते क्रमांक आहेत. माझा जुना मुद्दा मी असा जिंकलो. जिंकल्यासारखं वाटलं नाही. वसतिगृहात मुलं एकमेकांना अजून गावानेच हाक मारतात.

यंदा हिवाळ्यात मी साताऱ्याहून एका सभेसाठी इस्लामपूरला निघालो होतो. कराडच्या पुढे गाडी पंक्चर झाली आणि सगळे खाली उतरले. रस्त्याला लागून ऊस तुटलेलं मोकळं रान होतं, तिथे मेंढरं बसवलेली होती. जाळीच्या कुंपणाबाहेर दोन माणसं उभी होती. एकाच्या डोक्याला पटका. दुसऱ्याच्या अंगावर शर्ट-पँट, हात मागे बांधलेले, नजर कडेला. मी खात्री करायला फोन लावला. रानातल्या त्या माणसाने खिशातून फोन काढला.

"कोण बोलतंय?"

"सातारा, सर."

"कुठनं?"

"तुमच्या मागनं."

ते वळले. मी बांध ओलांडून गेलो. कॉलेज, सभा, घर, असं थोडं बोलणं झालं. सुषमाचं पुण्यात बरं चाललंय असं त्यांनी सांगितलं. पटकेवाला, त्यांचा थोरला भाऊ, मला दूध घ्या म्हणाला, मी नको म्हणालो, त्याने तरी दिलं. ऊन छान होतं आणि मेंढरं दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावर माना टाकून बसली होती.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. पुढच्या शेताचा मालक असावा, त्यालाही आपल्या रानात कळप बसवून घ्यायचा असेल. त्याने गाडी बंद न करताच ओरडून विचारलं, "पाव्हणं, मेंढरं कुणाची?"

भाऊ उत्तर देणार होता. त्याच्या आधी सर म्हणाले, "आज गोरडांची."